बंद कालव्याच्या गावात

दोन हजार आठच्या डिसेंबरात आम्ही फ्रान्सला गेलो, ते नवऱ्याच्या बॉसच्या आमंत्रणावरून. बॉस फ्रेंच, पन्नाशीचा, एकटा राहणारा, दुबईतल्या त्यांच्या कन्सल्टन्सीत डिझाइनचा हेड. शारजाच्या पलीकडे उम्म अल कुवैनला खाडीलगतच्या वाळूत एक वसाहत उठवायची होती. मधून कालवा, दोन्ही काठांना दगडी घरं, घरांना निळ्या खिडक्या, वर कमानीचे पूल. ही वसाहत म्हणजे बॉसचं दक्षिण फ्रान्समधलं गावच होतं, आणि नवरा त्या प्रोजेक्टचा इंजिनीअर. "इतके दिवस माझं गाव कागदावर काढतोयस, एकदा येऊन बघ तरी," असं बॉस उन्हाळ्यात म्हणाला. नॅशनल डे आणि बकरी ईद लागून येत होते, लेकीच्या शाळेला सुट्टी होती. आम्ही तिकिटं काढली. आम्ही शारजात राहायचो; मी तिथल्या रोलाच्या बाजारात जाऊन तिघांचे कोट आणले.

उन्हाळ्यात पुढचं कुणाला दिसत होतं? डिसेंबर उजाडेपर्यंत मंदी आली आणि ऑफिसात रोज कुणीतरी आपलं सामान खोक्यात भरून लिफ्टकडे जात होतं.

"अशात रजा घ्यायची?" मी विचारलं.

"बॉसच नेतोय ना," नवरा म्हणाला. "स्वतःच्या घरी जेवायला बसवून कुणी नोकरीवरून काढतं का?"

तुलूजच्या विमानतळावर बॉस स्वतः घ्यायला आला होता. आदल्या दिवशीच तो पुढे आला होता. गाडीत तो फारसं बोलला नाही. गाव आलं. चित्रातल्यासारखा कमानीचा पूल होता, काठाने उंच झाडांची रांग होती. झाडांवर पान नव्हतं आणि कालव्यात पाणी नव्हतं. "हिवाळ्यात दुरुस्तीसाठी पाणी सोडून देतात," बॉस ओशाळून म्हणाला. "माझ्या लक्षातच राहिलं नाही." खाली काळा चिखल आणि त्यात रुतलेली एक सायकल. बोटी ताडपत्र्या पांघरून काठाला कलंडल्या होत्या.

"बाबा, इज धिस इट?" लेकीने विचारलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देण्याच्या वयात पोचली होती.

बॉसची आई ऐंशीच्या पुढची, पण ताठ. आम्हाला कळो न कळो, ती आमच्याशी भरभर फ्रेंच बोले. मी मांस खात नाही हे मुलाने तिला सांगितलं होतं, म्हणून माझ्यासाठी पांढऱ्या घेवड्याचा रस्सा वेगळ्या भांड्यात केला होता, आणि त्यात चुकून दुसरा डाव जाऊ नये म्हणून भांड्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता. तो दोरा पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. ते वाटणं त्या रात्रीपुरतंच टिकलं.

सकाळी घरच्या लँडलाइनवर बॉसला फोन आला. आम्ही कॉफी घेत होतो तोवर तो कोट चढवून दारात उभा. "पॅरिसला हेड ऑफिसात जावं लागतंय. उद्या येतो. आई तुम्हाला सगळं दाखवेल." आणि गाडी घेऊन गेला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन उचलेना. गावात टॅक्सी नव्हती, बस होती ती शाळकरी मुलांना घेऊन सकाळी जाई आणि संध्याकाळी आणून सोडी. कालव्याकाठचं एकुलतं एक हॉटेल वसंतापर्यंत बंद. परतीचं विमान आठवडाअखेरचं. पाहुणे म्हणून गेलो आणि ओलीस होऊन बसलो.

म्हातारी मात्र मुलाने टाकलेलं काम चोख करत होती. न्याहारी झाली की डोक्याला रुमाल बांधायची, काठी घ्यायची आणि दारातून हाक मारायची, "आलों!"

"शी मीन्स यल्ला," लेकीने आम्हाला समजावलं. शारजात 'चला' म्हणायला सगळे अरबीतलं यल्लाच म्हणायचे.

मग आम्ही निघायचो. बोटींना वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरवणारे मोठे लाकडी दरवाजे पाहिले. ते साखळीने बांधलेले. वाइनची सहकारी सोसायटी पाहिली, बंद. नदीवरून कालवा नेणारा जुना दगडी पूल पाहिला, कोरडा. एका शेजाऱ्याच्या व्हॅनमधून पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला पाहायला गेलो, तर फाटकाला कुलूप. म्हातारी प्रत्येक बंद दारापुढे उभी राहायची आणि आत काय काय आहे ते दोन्ही हातांनी पुरतं सांगायची. चर्चची किल्ली तिने समोरच्या पाववाल्याकडून मागून आणली. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. तिने लेकीला मेणबत्ती लावू दिली. माझ्या मनात एकच होतं, इथून कधी निघणार?

आमच्या मोबाइलला रेंज फक्त कमानीच्या पुलावर मिळे. नवरा दिवसातून कितीदा तरी तिथे जाऊन वाऱ्यात उभा राहायचा. एका दुपारी मीही सोबत गेले. ऑफिसातल्या सर्व्हेअरचा फोन होता. मालवणकडचा, आमच्याकडे कधीमधी जेवायला येणारा माणूस. फोनवरचा आवाज मला शेजारी उभं राहूनही ऐकू येत होता.

"सर, ड्रॉइंग सेक्शन खलास. आज सगळे गेले."

"आणि तू?"

"उद्या बोलावलाय."

"माझं काही?"

"तुमचं नाव कोणी घेत नाय. पण मोठ्या सायबांची केबिन रिकामी केलीय सर. खुर्चीपण नेली. ते तुमच्यासोबतच आहेत ना?"

नवऱ्याने फोन खिशात टाकला आणि कठड्याला धरून चिखलाकडे बघत राहिला. ज्याच्या घरी आम्ही उतरलो होतो, ज्याच्या आईच्या हातचं खात होतो, त्याचीच नोकरी गेली होती. आणि आम्ही घरी जाऊन त्याच्या आईसमोर हसऱ्या चेहऱ्याने बसणार होतो. त्या संध्याकाळी नवरा ताटलीत नुसता चमचा फिरवत राहिला. म्हातारीला वाटलं, रस्सा बिघडला. तिने चव घेतली, मीठ घातलं, पुन्हा वाढलं. मग त्याने तो संपवला.

निघायच्या आदल्या दुपारी बॉस परतला. दाढी वाढलेली, शर्ट तोच. आईला मिठी मारून तो नवऱ्याला म्हणाला, "चल, फिरून येऊ." स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दोघे काठाकाठाने जाताना दिसत होते. बराच वेळ बॉसच बोलत होता. काय बोलणं झालं ते नवऱ्याने मला नंतर सांगितलं. बॉसला आम्ही यायच्या आधीच काढलं होतं. पॅरिसला तो विनवण्या करायला गेला होता. तिथे त्याला कुणी भेटलंच नाही.

"मग आम्हाला कशाला आणलंस?" नवऱ्याने विचारलं होतं.

"आईला सांगून ठेवलं होतं, माझा इंजिनीअर येतोय. ती महिनाभर चादरी धुत होती. तिला काही बोलू नकोस."

रात्रीच्या जेवणाला म्हातारीने ठेवणीतल्या ताटल्या काढल्या. मध्येच ती नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलली आणि मुलाकडे पाहायला लागली, भाषांतरासाठी. बॉसचा चेहरा उतरला.

"ती विचारतेय," तो इंग्रजीत म्हणाला, "मी तिकडे काम कसं करतो."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. म्हातारीकडे बघून सावकाश म्हणाला, "सांग तिला, तू होतास म्हणून आम्ही काम शिकलो."

बॉसने ताटलीकडे बघत फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं. फारच थोडं सांगितलं. म्हातारी मुलाकडे पाहत राहिली. मग उठली, त्याची निवलेली ताटली उचलली आणि शेगडीवर गरम करायला घेऊन गेली. आमच्याकडे पाठ करून ती ताटली तापवत उभी होती. तिला काय कळलं, काय नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

आम्ही शारजाला परतलो. नवऱ्याची नोकरी राहिली, कारण काम चालू आहे असं दाखवायला कंपनीला उम्म अल कुवैनच्या साइटवर कुणीतरी माणूस ठेवायचा होता. सर्व्हेअरही मालवणला गेला. नवरा रोज सकाळी निघे. शारजाची सगळी गर्दी दुबईकडे तुंबलेली, हा एकटा उलट्या दिशेला, मोकळ्या रस्त्याने. तिकडे वाळूत खणलेला लांबलचक चर, एक पत्र्याची पोर्टा केबिन आणि एक पठाण वॉचमन. दिवसभर केबिनमध्ये बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. काम नव्हतं, तरी सुट्टी मिळत नव्हती. दुसरीकडे बोलावणं आलं, पण सोडून जायची परवानगी, म्हणजे एनओसी, द्यायला कंपनी तयार नाही. "प्रोजेक्ट सुरू होईल, इन्शाल्ला," नवा मॅनेजर म्हणायचा. राजीनामा द्यावा तर त्या देशात पुन्हा नोकरी करण्यावर बॅन लागणार. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.

त्यातच पुण्याला सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं. पासपोर्ट मागितला तर ऑफिसने सांगितलं, तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणा स्टाफचा पासपोर्ट जामीन म्हणून ठेव. नवरा घरी येऊन हसायलाच लागला. "कुणाचा ठेवू? कुणी उरलंय का?" शेवटी लेकीला घेऊन मी गेले. शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. "तो खाली गाडी लावतोय का गं?" मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

अशी दोन वर्षं गेली, वर काही महिने. बिल्डिंगमधली ओळखीची बिऱ्हाडं एकेक करून गेली, लेकीच्या मैत्रिणी गेल्या. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. तो साइटवर गेला की मी आणि समोरची रिकामी बाल्कनी. संध्याकाळी एकमेकांना विचारायला आमच्याकडे काही नसायचं. त्याचा दिवस मला माहीत होता आणि माझा त्याला.

मग एकदा भरदुपारी तो घरी आला. कंपनीने दुबईचं ऑफिस गुंडाळलं होतं. त्याने पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेला. लेक तोवर उंच झाली होती. तिने तो उचलून चाळला, आपल्या बाबाचा जुना फोटो पाहिला.

"सो, आर वी गोइंग?"

"कुठे?" त्याने आतून विचारलं.

तिला ठिकाण सुचेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही सुचत नव्हतं. कुठे जायचं हा प्रश्न आमच्या घरात इतके दिवस कुणी विचारलाच नव्हता. तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला, दोन घास आमटीभात खाल्ला आणि कोचावर आडवा झाला. मी पडदा ओढून घेतला.