मोडलेल्या कानांचा सत्कार

जयराज नलवड्यांचे दोन्ही कान मोडलेले, आणि कराडपलीकडच्या त्यांच्या गावाला तेवढंच पुरलं. मोडका कान म्हणजे पैलवान. त्यापुढे डोकं चालवायची गावाला सवयच नव्हती. खरं तर फौजेत असताना जयराज भारताकडून रग्बी खेळले. आठ जणांनी डोकी घुसवून समोरच्या आठांना रेटायचं, त्या रेटारेटीत वर्षानुवर्षं पुढच्या रांगेत राहून कान गेले. तालमीच्या मातीला त्यांचा पाय कधी लागला नव्हता.

निवृत्त होऊन घरी आले, तरी गावाचं आपलं "पैलवान, या!" चालूच. यंदाच्या यात्रेत सत्कार ठरला, तेव्हा त्यांनी यात्रा कमिटीच्या नानासोंना घरी बसवून चहा पाजला आणि सगळं समजावून सांगितलं. निळ्या जर्सीतला, छातीवर तिरंगा असलेला आपला एकुलता एक फोटोही फ्लेक्ससाठी दिला.

"माइकवर एकदा रग्बी म्हणा. मग शाल नसली तरी चालंल."

"आवं, म्हंजे काय! म्हणणारच की!"

नानासोंच्या शब्दाला कवडीची किंमत नाही, हे जयराजना पुरतं ठाऊक होतं. तरी ते भुलले.

यात्रेदिवशी कुस्त्यांच्या मैदानाच्या तोंडाशी फ्लेक्स झळकला. वर नानासो, गॉगल लावून, बैलाएवढे. खाली कोपऱ्यात जयराजचं डोकं, आणि त्याखाली लंगोट घातलेला भलत्याच कुणाचा तरी देह! जर्सी कापून टाकली होती, तिरंग्यासकट. जयराजच्या अंगाचा तिळपापड झाला.

फेटा बांधून होताच त्यांनी माइक हिसकावला. "मी पैलवान न्हाई. जन्मात एक कुस्ती केली न्हाई. मी देशाकडनं रग्बी खेळलोय!"

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. नानासोंनी गहिवरून माइक परत घेतला. "बघा! एवढा मोठा पैलवान, पण गर्व हाय का? ह्याला म्हणत्यात नम्रपणा!"

जयराज खाली उतरले. फेटा खुर्चीवर टाकला, नारळवाल्याचा कोयता मागून घेतला, फ्लेक्सवरचं स्वतःचं डोकं कापलं आणि गुंडाळून काखेत मारून घरी गेले.

नानासोंच्या खाली पैलवान बिनडोक्याचा उभा राहिला. यात्रा संपेपर्यंत लोक त्याच्याशेजारी थांबून फोटो काढत होते. डोकं नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही.