मृदुलाताईंचा निरोप्या

"तुला आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी कोणी सांगितली रे? आणि त्याचं पहिलं वाक्य काय होतं?"

जर्मनीत, हॅनोव्हरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, हातात वरणभाताचं ताट असताना, मृदुलाताईंनी मला पहिल्याच भेटीत हे विचारलं. मी पुण्याहून नुकताच आलेला सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. तरी सांगितलं, की आजोबा गेले तेव्हा काकांनी आधी मला कपभर दूध प्यायला लावलं आणि मग सांगितलं. ताई खूश झाल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! आपल्याकडे आधी पोटात काहीतरी घालतात."

ताई तिथे युरोपीय नाटकावर संशोधन करत. ग्रीक शोकांतिकेत मरण सहसा प्रेक्षकांसमोर येत नाही. कोणी साधा निरोप्या धापा टाकत येतो आणि आत काय घडलं ते सांगतो. ताईंचा सगळा जीव या निरोप्यात. फ्रेंच दरबारी नाटकांनी त्याला चांगले कपडे चढवले, जर्मन नाटककारांनी किल्ल्याच्या भिंतीवर उभं करून पलीकडची लढाई सांगायला लावली, पुढे दिवाणखान्यातल्या नाटकांत त्याचं पत्र झालं, मग टेलिफोन. हे सांगताना त्या घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "अडीच हजार वर्षं नोकरीत आहे बिचारा, अजून रिटायर करत नाहीत त्याला!"

आमच्या मंडळासाठी त्यांनी त्याच साच्यातलं एक मराठी नाटक लिहिलं. राणी त्या स्वतः, गावकऱ्यांचा म्हणून पाच जणांचा कोरस आणि राणीला मुलाच्या मरणाची बातमी देणारा निरोप्या मी. तालमींत त्यांनी माझा पिट्ट्या पाडला. "मंगेश, रडू नकोस. रडायला कोरस आहे. आधी गेला म्हणून सांग, मग कसा गेला ते." एकदा चिडून म्हणाल्या, "गावाला आधी कळलं आणि राणीला शेवटी, तर तो निरोप नव्हे, तिचा अपमान आहे." मी मान डोलावली. नाटकापुरतंच असेल, असं मी धरून चाललो होतो.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. पावणेतीनला सांगलीहून त्यांच्या भावाचा, नितीनचा, मला फोन आला, कारण ताईंनी आपला फोन बंद करून ठेवला होता. बाबा आयसीयूत होते. शुद्धीवर होते, पण डॉक्टरांनी आशा सोडली होती. "ताईचं नाटक सुरू झालं का, विचारतायत," नितीन म्हणाला. "पण तिला आत्ता नका सांगू. प्रयोग होऊ दे."

मी कोरसला बाजूला घेऊन सांगितलं. सगळ्यांचं एकमत झालं, की आधी प्रयोग पार पडू दे. मलाही ते सोयीचं वाटलं; खरं म्हणजे माझी हिंमतच नव्हती. ताई पाच पावलांवर आरशापुढे मुकुट बसवत होत्या.

"घाम का फुटलाय रे?"

"काही नाही, ताई. टेन्शन."

तासाभरानं मी रंगमंचावर त्यांच्यापुढे गुडघे टेकून म्हणालो, "राणीसाहेब, आपला मुलगा गेला." कोरसमधल्या दोघी खरंच रडायला लागल्या. तालमीत त्या कधी रडल्या नव्हत्या. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या पुढचं वाक्य चुकल्या. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. मला स्वतःची किळस आली, तरी मी मुलाच्या मरणाचं ते लांबलचक वर्णन एकही शब्द न चुकता म्हटलं.

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या एक जर्मन आजी आत येऊन कोरसच्या रडण्याचं कौतुक करून गेल्या. मी मेसेज वाचला आणि ताईंना कॉरिडॉरमध्ये नेलं.

"ताई, तुमचे बाबा गेले. आत्ता, प्रयोग चालू असताना."

"तुला कधी कळलं?"

"गेल्याचं आत्ता. पण नितीनचा फोन पावणेतीनला आला होता. तेव्हा शुद्धीवर होते. तुमचं नाटक सुरू झालं का, विचारत होते."

त्यांनी मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मुकुट डोक्यावर तसाच होता. त्यांनी हात पुढे केला, माझा फोन घेतला आणि नितीनला लावला.

"फोन बाबांच्या कानाला लाव."

पलीकडून नितीन काहीतरी समजावत होता.

"लाव म्हणते ना."

मग रोज संध्याकाळी घरी फोनवर बोलायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "बाबा, झालं हं नाटक. हॉल भरला होता. मी एक वाक्य चुकले. पण आमचा मंगेश आहे ना, निरोप्या झालेला, तो फार छान बोलला."