ड्रोनला दिसलेली चुन्याची रेघ

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. पॉवरलूमच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. मोटार बंद पडली की कुठेतरी तार जळालेली असते, बाकी काही नसतं... एवढाच माझा विश्वास. तरी आज लिहितोय.

आम्ही भिवंडीजवळच्या खारबावचे. गावठाणाची ड्रोनने मोजणी ठरली. ज्याने त्याने आपापल्या हद्दीवर चुना मारायचा, वरच्या फोटोत ती रेघ दिसते, त्यावरून नकाशा बनतो. शेजारी माझी विधवा काकी राहते. मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही.

"बाला, माझीपण रेघ तूच मार," ती म्हणाली.

मी मारली. तिच्या अंगणात चांगली चार हात आत. तिची न्हाणीसुद्धा माझ्या बाजूला आली. मला मागे गोदाम बांधायचं होतं, टेम्पोला वाट हवी होती... मुद्दाम केलं. चुकून नाही.

ड्रोन उडणार तोच काकी ओरडली, "माझ्या न्हाणीवरून नेऊ नका रे! वर छप्पर न्हाय!"

ऑपरेटर म्हणाला, "आजी, आंघोळ उद्या करा."

"मेल्या, तुझ्या आयशीला बसव उघड्यावर!"

सगळे हसले. मीही. ड्रोन खाली येईपर्यंत मी त्या ऑपरेटरच्या शेजारीच उभा होतो.

पुढे ग्रामपंचायतीत नकाशे लागले. आमची हद्द जुन्याच जागी. मी मोजणीच्या साहेबांना म्हटलं, चूक आहे. त्यांनी मूळ फोटो मोठा करून दाखवला. जुन्या हद्दीवर पांढरी सरळ रेघ. माझी रेघ कुठेच नाही. आणि टोकाशी एक माणूस ओणवा... हातात चुन्याचं घमेलं, त्या दिवशीचा माझा चौकड्यांचा शर्ट, माझंच टक्कल.

"तुम्हीच ना हे? मग चूक कसली?"

घरी येऊन पाहिलं. चुना फिकटला होता, पण मी मारला तिथेच होता.

हरकत घेतली नाही. सही करून टाकली. काकी आता गल्लीभर सांगते — "माझ्या बालानं बोटभर इकडचं तिकडं केलं न्हाय." मी मान हलवतो. आत काहीच होत नाही... भीती नाही, लाजही नाही.

फोटोतला तो माणूस कोण, मला आजही सांगता येत नाही. मी असतो तर बरं झालं असतं.