आडवं की उभं

कात्री हातात घ्यायच्या आधी तो कुत्र्याच्या पाठीवरच्या केसांत बोट घालायचा आणि विचारायचा, "आडवं की उभं?"

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला. पण आमच्याकडे केस कापायला सांगताना सगळे 'बोटभर ठेव' एवढंच सांगतात. बोट आडवं धरलं तर केस उरतात नखाएवढे, उभं धरलं तर अख्ख्या बोटाएवढे. धंदा नवा होता तेव्हा ह्या एका शब्दापायी त्यानं एका गोदामवाल्याचं झुबकेदार कुत्रं सोलून ठेवलं होतं. मालक रडायचा बाकी राहिला. तेव्हापासून हा विचारल्याशिवाय कात्रीला हात लावत नसे.

त्याचा पत्र्याचा गाळा मानकोलीच्या नाक्याजवळ, टेम्पोच्या गॅरेजला लागून होता. मूळचा तो भिवंडीतला लूमवाला. लूमवर सूत तुटलं की ते जोडायचं, एकेक सूत लोखंडी फणीतून ओढायचं, हेच काम त्यानं तीस वर्षं केलं. लूम बंद पडले. लूमच्या शेठच्या बंगल्यावर कुत्री होती, ती सांभाळता सांभाळता कापायला शिकला. फणीचा एक वीतभर तुकडा तेवढा लूममधून घेऊन आला होता. बाजारातले कंगवे टांगलेले असायचे, पण हात त्या तुकड्याकडेच जायचा.

कुत्र्यानं अंग चोरलं की तो दोन्ही हात वर करायचा. म्हणायचा, "तार तुटली." मग थांबायचा. तार म्हणजे लूमवरचं सूत; ती तुटल्यावर मशीन चालू ठेवलं तर सगळा कपडा खराब होतो, असं त्याचं म्हणणं. बाहेर कंटेनरवाले हॉर्न मारून जीव घेत असायचे आणि हा आत हात वर करून कुत्र्याची मर्जी बघत उभा.

आमचं कुत्रं डूडल जातीचं. अर्धं पूडल आणि अर्धं लॅब्राडोर. मुलानं ठाण्याच्या फ्लॅटसाठी घेतलं, वर्षभरात परदेशात नोकरी लागली आणि कुत्रं दापोड्याला, गावच्या आमच्या पडवीत आलं. अंगभर कुरळे केस. गल्लीतल्या बाया माझ्या बायकोला म्हणायच्या, "म्हातारे, मेंढा पाल्लास का?"

ती म्हणायची, "मेंढा न्हाय, लाडू हाय माझा."

पहिल्यांदा लाडूला त्याच्या गाळ्यावर कापायला नेलं तेव्हा तिनं टेबलाखाली पदर पसरला. म्हणाली, "जावळ हाय. खाली पडायचं न्हाय." मला लाज वाटली. कुत्र्याचं कसलं जावळ? तो मात्र हसला नाही. लाडूला त्यानं टेबलाच्या कडेला घेतलं आणि पहिली बट पदरात पडेल अशी कापली. ते केस तिनं खाडीत सोडले.

तेव्हाच त्यानं विचारलं होतं, "भाभी, आडवं की उभं?"

"उभं."

"कुणाचं बोट? माझं लांब आहे."

तिनं अंगठ्याजवळचं बोट पुढे केलं. भाताची कापणी करून करून ते वाकडं झालेलं. तो म्हणाला, "सरळ करा की."

"ते आता सरळ न्हाय व्हायचं. वाकडं तं वाकडं धर."

त्यानं बोटाला हात न लावता फणी शेजारी धरली आणि जिथं बोट संपलं तिथं फणीला लाल दोरा घट्ट बांधला. लूमवरची गाठ. ती सुटत नाही.

"आन डोले उघडे ठेव," ती म्हणाली. "मी त्याला बघीन, त्यानं मना बघू दे."

पुढं दर दीड महिन्याला आम्ही जायचो. ह्या जातीचे केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर आतल्या आत गुंता होऊन नमदा बनतो, दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट थर. ती रोज दुपारी जेवण झालं की विंचरायची. मी कधी कंगवा हातात धरला नाही. मी म्हणायचो, माझ्या डोक्याला तेल लावायला तुला वेळ नाही.

मग तिचं पोट दुखायला लागलं. तीन महिन्यांत खेळ संपला. इस्पितळात ती एकच विचारायची, "लाडूला नेलात का?"

मी सांगायचो, "नेला."

"उभं बोट?"

"हां. उभं."

"डोले?"

"उघडे हायेत."

नेलं नव्हतं. मी दिवसभर तिच्यापाशी बसून असायचो आणि कुत्रं घरी साखळीला. शेवटच्या दिवशीही मी तिला हेच खोटं सांगितलं. ती बरं म्हणाली.

मुलगा आला. विधीला बसला, पण मुंडण काही त्यानं केलं नाही. ऑफिसात बरं दिसत नाही म्हणाला. बाराव्यानंतर गेला. मी पडवीत बसून राहिलो. लाडूला भाकरी टाकायचो, तेवढंच. पाच महिने त्याच्या अंगाला कुणाचा हात लागला नाही.

एक दिवस तो भिंतीला अंग घासताना ओरडला. मी बघितलं, तर डोळे केसांखाली गेलेले. 'उघडे हायेत' असं तिला सांगितलेलं आठवलं. तसाच रिक्षात घालून मानकोलीला त्याच्या गाळ्यावर गेलो.

त्यानं बोट घातलं. बोट शिरेना. तो काही विचारेना.

मीच म्हटलं, "उभं बोट ठेव. तिला पायजे तसं."

"दादा, हे नमदा झालंय. सगळं काढावं लागेल."

"काढायचं न्हाय."

"खाली कातडी सडली असेल. वास येतोय बघा."

"तुला येत न्हाय तर तसं सांग. दुसऱ्याकडं नेतो."

त्यानं लाडूच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "भाभीला पण असं ओझं आवडलं नसतं."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तिचं नाव तू घेऊ नको. ह्या केसांच्या टोकाला तिचा हात लागलाय. मुळापासून वाढलंय ते नंतरचं. तू टोकंच कापून टाकशील. मग माझ्याकडं काय राहील?"

एवढं बोलून मला रडू आलं. गॅरेजवाले बघत होते. त्यानं हातातलं केस काढायचं मशीन टेबलावर ठेवलं, दोन्ही हात वर केले. हळूच म्हणाला, "तार तुटली."

बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला स्टुलावर बसवलं. म्हणाला, "डोक्यावरचं सोडवून बघतो. जेवढं सुटेल तेवढं तुमचं. अंगावरचं मात्र काढणार. त्याला दुखतंय, दादा. तुमचं तुम्ही बघाल, पण ह्यानं कुणाला सांगायचं?"

मी मान डोलावली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोन दुपारी त्यानं फणीच्या टोकानं डोक्यावरचा गुंता सोडवला. एकेक केस, सूत ओढावं तसा. मध्ये मध्ये खोकायचा. लूमचा कापूस छातीत बसलेला. खोकला आला की तोंड फिरवायचा, कुत्रं दचकू नये म्हणून. अंगावरचा नमदा निघाला तो एका तुकड्यात, गोधडीसारखा. आत तीन ठिकाणी जखमा होत्या. त्या बघून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

घरी आलो तर गल्लीतली एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "पोरानं न्हाय केलं, कुत्र्यानं केलं. शेंडी पण ठेवली." कुणी हसलं नाही. खरंच होतं.

त्यानंतर मी रोज दुपारी विंचरायला लागलो. दर पंधरा दिवसांनी तो स्वतः येऊन जखमा बघून जायचा. पडवीत बसायचा, चहा घ्यायचा. "वाढतायत," म्हणायचा. "बोट उभं होईल, दादा. घाई नको." मी एकदा त्याला सांगितलं, मी तिला खोटं बोललो. त्यानं चहा संपवला. म्हणाला, "मग आता खरं करू."

केस वाढत गेले आणि त्याचं येणं कमी होत गेलं. खोकला वाढला. एकदा गेलो तर शटर बंद. गॅरेजवाल्यानं सांगितलं, चार दिवस झाले, त्याला माती दिली.

मी भिवंडीत त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं आत जाऊन कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. म्हणाली, "बोले थे, दापोडेवाले दादा आयेंगे. उनका सामान है." फणीचा तुकडा होता. लाल दोरा तसाच.

एका नव्या दुकानात लाडूला नेलं. काचेचं दार, आत एसी. तिथल्या मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवले, कोणता कट पाहिजे म्हणून. मी म्हटलं, उभं बोट. ती म्हणाली, "म्हणजे किती मिलीमीटर, काका?" मी कुत्रं घेऊन परत आलो.

पडवीत बसलो. घरातली कात्री घेतली. लाडू पुढ्यात उभा राहिला. फणी त्याच्या पाठीवर उभी धरली. केस दोऱ्याच्या वर गेले होते. शेजारी माझं बोट धरून बघितलं, तर माझं जवळजवळ एक पेर जास्त. तिचं बोट एवढंसं होतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

विचारायला कुणी नव्हतं. तरी मी म्हटलं, "उभं."

कापायला संध्याकाळ झाली. वेडंवाकडं झालं. डोळ्यांवरचे केस शेवटी कापले. डोळे उघडे झाल्यावर लाडूनं माझ्याकडे बघितलं. मग मान वाकडी करून माझ्या मागे, घराच्या दाराकडे बघत राहिला.