ज्वालामुखी आणि माझा पायगुण

माझ्या पायगुणाने आफ्रिकेत ज्वालामुखी फुटला, असं पेडणे तालुक्यातल्या एका घराचं ठाम मत आहे. मी डिचोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढून देते, शिलारस कुठून वर येतो ते बाणांनी दाखवते. त्या आकृतीत नवरीचे पाय कुठे काढायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ माझं ठरलं. आमचं घर कारापूरला. नवरा मुलगा पेडण्यातल्या हरमलचा, नोकरीला दुबईत, मोजून दहा दिवसांची रजा. लग्न बुधवारी आणि तो सोमवारी मोप्याच्या विमानतळावर उतरणार होता. रविवारी तिकडे आफ्रिकेत डोंगर फुटला, राख आभाळात चढली, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इकडे सरकली आणि आखातातून येणारी विमानं एकेक करून रद्द झाली. राख इंजिनात गेली की इंजिन बंद पडतं, म्हणून विमानं उडवत नाहीत. हे समजायला नववी पास असणं पुरेसं आहे, खरं तर नापासही चालेल.

पण लग्नघरात माहितीला कोण विचारतो? आमच्या मांडवात खुर्च्या टाकून बसलेले सगळे पाहुणे दोन तासांत हवाई वाहतुकीतले जाणकार झाले. एका मामाने विचारलं, विमानाने राखेला वळसा घालून यायला काय हरकत आहे? दुसऱ्याने सुचवलं, राखेच्या खालून यावं. मंगळवारी सकाळी विमान कंपनीने कळवलं की रात्रीचं विमान नक्की सुटेल, म्हणून मला हळद लावली. संध्याकाळी तेही रद्द झालं. बुधवारी दुपारी मुहूर्ताची वेळ आली, भटजींनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते जेवायला बसले. भाज्यांचं खतखतं उत्तम झालं होतं असं सगळेच म्हणाले. मी खोलीत पिवळी होऊन बसले होते, मला कोणी वाढलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी नवऱ्या मुलाच्या आईचा बाबांना फोन आला. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कारण बाबांना कानाशी फोन धरता येत नाही.

"आमच्या घराण्यात असां कधी जावक नाय," ती म्हणाली. "हिका हळद लागली आणि थंय डोंगर फुटलो."

डोंगर हळदीच्या दोन दिवस आधी फुटला होता. पण तपशिलाशी तिचं जुनं वैर असावं. पुढचा मुहूर्त रविवारचा होता, विमानंही तोवर सुरू होणार होती. मात्र त्याआधी तिला देवाला विचारायचं होतं. त्यांच्या ग्रामदेवाच्या देवळात प्रसाद लावायचा, म्हणजे कौल घ्यायचा, मुलगी समोर उभी करायची, आणि हे विघ्न मुलीच्या पायगुणाने आलं की नाही याचा देवाने निकाल द्यायचा. उजवा पडला तर रविवारी लग्न, डावा पडला तर नाही. आमच्याकडे घर बांधताना, विहीर खणताना, सोयरीक जुळवताना देवाचा प्रसाद घेतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. ज्वालामुखीसाठी घेतलेला मी हा पहिलाच पाहिला.

हळद लागलेल्या मुलीने लग्नाआधी उंबरा ओलांडायचा नसतो. आदल्या दिवशी मी अंगणात पाणी प्यायला निघाले तर तीन बायकांनी मला ओढून आत घेतलं होतं. त्याच तिघी गुरुवारी सकाळी मला गाडीत बसवायला आल्या.

"चल गो बाय," बाबा म्हणाले. "देवाकडेनच वचपाचें आसा, आनीक खंय न्हय." म्हणजे देवाकडे जायला उंबरा ओलांडलेला चालतो.

बाबांचा चेहरा पाहून मी गेले. मांडवातून परत गेलेली मुलगी पुन्हा उजवताना काय हाल होतात, ते त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या वेळी पाहिलं होतं. ते रात्रभर झोपले नव्हते, हे मला माहीत होतं.

वाटेत हरमलला त्याच्या आईला घ्यायला थांबलो. तिच्या घरामागे पर्यटकांसाठी खोल्या आहेत. विमानं बंद म्हणून गोरी माणसं अडकून पडली होती, एकही खोली रिकामी नव्हती, व्हरांड्यातसुद्धा दोघंजण गाद्या टाकून झोपले होते. बाई खुशीत होती. जाताना कामाच्या पोरीला ओरडून सांगत होती की खाटा काढ, आणखी येतील. या भरभराटीचं श्रेय मात्र माझ्या पायांना कोणी दिलं नाही. मुलगा अडकला तो माझ्यामुळे, गिऱ्हाईक अडकलं ते देवाच्या कृपेने.

देवळात गुरव तयार होता. त्याने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"ह्या मुलीच्या पायगुणान ह्यां इघीन इला असात, तर डावो दी म्हाराजा. नाय तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी ठरवून गेले होते की मान वर करून, उघड्या डोळ्यांनी, तोंडावर हसू ठेवून उभं राहायचं. त्या सगळ्यांची मला किळस आली होती. आणि मग पाकळ्यांकडे बघता बघता मी डोळे मिटले. हात जोडले. उजवा दे, देवा, उजवा दे, असं मी मनात म्हणू लागले, अगदी मनापासून. त्या अर्ध्या तासात जगाच्या पोटात काय उकळतं हे मी साफ विसरले होते. त्या देवळातल्या सगळ्या मूर्खांत त्या दिवशी मी पहिल्या नंबरावर होते, कारण बाकीच्यांना निदान माहीत नव्हतं.

उजवी पाकळी पडली. त्याची आई हसली, तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बाबा तिच्यासमोर वाकून दोन्ही हात जोडून उभे राहिले, जणू तिने मला तुरुंगातून सोडवलं होतं. आणि मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला.

त्याच्या आईला घरी सोडून परतताना गाडीत त्याचा फोन आला. विमान कधीही सुटेल म्हणून सोमवारपासून तो दुबईच्या विमानतळावरच बाकावर झोपत होता, त्याची मला खरंच दया येत होती.

"आईने सांगितलं, उजवा पडला. सुटलो बाबा," तो म्हणाला. "मला तर काल रात्रभर टेन्शन होतं."

"कसलं?"

"डावा पडला असता म्हणजे?"

"पडला असता तर तू काय केलं असतंस?"

मागे कसल्या तरी विमानाची घोषणा चालली होती.

"मी काय करणार गं? आई म्हणेल तसं."

हा इंजिनियर आहे. राख इंजिनात गेली की वितळून पात्यांवर तिची काच कशी जमते, हे सोमवारी त्यानेच मला फोनवर समजावून दिलं होतं, आणि इतकं छान सांगितलं होतं की मी ते वर्गात वापरायचं ठरवलं होतं. त्याची आई चौथी शिकलेली, तिला एक वेळ माफ. याला कशाची माफी द्यायची?

मी फोन ठेवला आणि बाबांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. हे लग्न मी करणार नाही, असं म्हटलं. बाबांना आधी वाटलं, उन्हाने मला चक्कर आली आहे. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"अगो, पूण देवान उजवो दिलो न्हय?" ते म्हणाले.

"देवान दिलो, बाबा. ताणें दिलो ना." उजवा त्याने द्यायला हवा होता, आणि त्याने तो दिला नव्हता.

बाबांनी खिशातून फोन काढला, त्याच्या आईचा नंबर शोधला आणि मला काय बोलू म्हणून विचारलं. मी तो फोन काढून घेतला आणि मीच लावला.