रुखवतातलं इंजिन

परळीत स्टेशनकडून वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर केदारनाथचं रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. गल्ल्यावर केदारनाथ बसतो. आत, डब्यांच्या चळतीमागं, जिथं दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथं त्याचा धाकटा भाऊ सिद्धेश्वर रंग कालवतो. गिऱ्हाइकानं जुन्या भिंतीचा पोपडा आणून दिला, की हुबेहूब तसा रंग काढून द्यायचा, हे त्याचं काम. साठीला टेकलेला, बिनलग्नाचा, बोलायला जड. कुणी काही विचारलं, तर उत्तर ह्याच्या तोंडाशी येईपर्यंत विचारणारा कंटाळून जायचा.

"त्याला कावून विचारता?" केदारनाथ गल्ल्यावरून ओरडायचा. "त्याची गाडी कायम लेट असती. मला विचारा."

गिऱ्हाइकं हसायची. सिद्धेश्वरही हसायचा. आपण हसलो नाही तर लोक आणखी बोलतात, हे तो शाळेतच शिकला होता.

त्याचं खरं आयुष्य होतं माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत. लहानपणी परभणीच्या छोट्या लाईनवर वाफेचं इंजिन यायचं. ते गेलं, लाईन मोठी झाली, डिझेल आलं. सिद्धेश्वरच्या डोक्यातून मात्र ते काळं इंजिन हललं नाही. आधी त्यानं तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून कोळशाच्या वाघिणी केल्या. मग इंजिनाला हात घातला. खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचं, सव्वा हात लांब. पितळी पत्रा वाकवून बॉयलर केला, नवसागर लावून कथलाचे डाग दिले, चाकं लेथवाल्याकडून कातून आणली. चाकांना जोडणारे दांडे कानशीनं घासून काडेपेटीच्या काडीएवढे केले. बोटानं इंजिन ढकललं, की दांडे खऱ्यासारखे वरखाली व्हायचे. ते तसे बसेपर्यंत किती जोड त्यानं स्वतःच वाकवून भंगारात टाकले, त्याला हिशेब नव्हता.

रंगाचं दुखणं वेगळंच होतं. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, दुधावर बसते, देवावर बसते, मग ओल्या रंगाला कशी सोडील? केलेला रंग पुन्हापुन्हा खरवडून काढल्यावर सिद्धेश्वरनं मच्छरदाणी ओली करून टांगली आणि तिच्या आत इंजिन मांडीवर घेऊन बसू लागला. काळा म्हणजे नुसता काळा नव्हे. बॉयलरच्या पाठीला काजळी, पोटाला काजळीत चिमूटभर गेरू, धुराड्याच्या तोंडाशी आणखी तिसराच. इतक्या वर्षांचं रंग कालवणं त्यानं त्या एका काळ्यात ओतलं.

"दुनिया बायकूला घेऊन मच्छरदाणीत निजती," त्याची भावजय गंगासागर जिन्यातून शेजारणींना सांगायची, "आन आमचे भावजी इंजिनाला घेऊन बसत्यात!"

बायकोचीही गोष्ट झाली होती एकदा. तरुणपणी त्याला पोरगी दाखवायला अंबाजोगाईला नेलं होतं. पोरगी खाली मान घालून समोर बसली, पोहे आले, आणि सिद्धेश्वरची नजर गेली पानाच्या डब्यावर. पितळी डबा, पत्रा पातळ, गोलाई अशी की थेट बॉयलर निघावा. मुलीचा बाप म्हणाला, काही विचारायचं असेल तर विचारा. ह्यानं बऱ्याच वेळानं विचारलं, "डबा कुठून घेतला?"

"तुमी पोरगी बघाया आलाव का भांडी?" बाप म्हणाला. ती सोयरीक तिथंच मोडली. नंतर कुणी दाखवलीच नाही. केदारनाथ ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नात पंगतीला सांगतो, आणि सिद्धेश्वर पंगतीत बसून ऐकतो.

ह्या घरात 'काका, जेवलात का' एवढं विचारणारी एकच होती, केदारनाथची एकुलती एक लेक ईश्वरी. कॉलेजातून आली की जिना चढून मच्छरदाणीपाशी उकिडवी बसायची. "काका, आज कुठवर आलं?" तो एखादं चाक तळहातावर ठेवून दाखवायचा. तिला त्यातलं काही कळायचं नाही, तरी ती बघायची. तिला बघायला पाहुणे येऊ लागले तेव्हा सिद्धेश्वर दुकानात दोनदा चुकीचा रंग कालवून बसला.

सोयरीक जुळली उमापूरला. सुंदररावांचं खत-बियाणांचं दुकान, जमीनजुमला, गावात वजन. मुलगा मन्मथ बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. गंगासागरनं मानपानात काही कमी ठेवलं नाही. एक रुखवत तेवढा तिच्या मनासारखा होईना. थर्माकोलचा बंगला, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, लोकरीची तोरणं. सगळ्या लग्नांत तेच ते. एक दिवस ती दुकानात आली ती थेट आतल्या अंधारातच.

"भावजी, तुमचं इंजिन रुखवतात मांडू."

सिद्धेश्वरच्या हातातली काठी डब्यात थांबली. "त्याचे दांडे..."

"दांड्याला कोण हात लावतंय? मांडायचं, दावायचं, उचलून आणायचं. अक्षता पडल्या की तुमच्या खोलीत."

"पण रुखवत तर पोरीसंगं..."

"पुतणीपरीस पत्रा जड झाला का तुमाला?"

सिद्धेश्वरनं काठी डब्याच्या कडेला निथळत ठेवली. त्यानं स्वतःच्या हातानं इंजिन आणि तीन वाघिणी खाली आणून दिल्या.

कार्यालयात टेबलावर, लोकरीच्या तोरणाखाली, इंजिन उभं होतं. पुढं पुठ्ठ्यावर चमकीनं लिहिलं होतं, 'वधू ईश्वरी हिने स्वतःच्या हाताने केलेले.' रुखवत नवरीनंच केलेला असतो, निदान तसं म्हणायचं असतं. तोरणं विकत आणली तरी म्हणायचं असतं. सिद्धेश्वरनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. माईकवर कुणीतरी ते पुकारलंसुद्धा. सुंदरराव उठून टेबलापाशी आले, बोटानं इंजिन ढकललं, दांडे वरखाली झाले, आणि ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सून न्हाई, इंजिनेर आणली म्या!"

सिद्धेश्वर दोन पावलं पुढं सरला. ईश्वरीनं स्टेजवरून त्याच्याकडं पाहिलं. हळद लागलेले दोन्ही हात तिनं पोटाशी जोडले, कुणाला दिसणार नाहीत इतके खाली. तो मागं सरला.

संध्याकाळी टेम्पो भरताना गादी आणि कपाटाच्या मध्ये इंजिन जाताना त्याला दिसलं. तो धावला. केदारनाथनं त्याचा दंड धरला आणि दात न उघडता म्हणाला, "गप उभा ऱ्हा बे. आता तोंड उघडशील तर पोरीचा संसार उघडा पडंल. नागपंचमीला मुराळी म्हणून तूच जा. पोरीला आणशील तवा इंजिनबी आण."

तेवढ्या शब्दावर सिद्धेश्वरनं आषाढ काढला. पोरगी येणार म्हणून गंगासागर झोक्याला दोर आणत होती, ईश्वरीच्या आवडीचे लाडू वळत होती. लेकीचा फोन यायचा तो एकाच वाक्याचा: "आई, मुराळी लवकर धाड." सिद्धेश्वर वर खोलीत जाऊन रिकामी फळी पुसून ठेवत होता.

पंचमीच्या आधी तो लाडवांचा डबा आणि साडी घेऊन निघाला. परळीहून बीड, बीडहून गेवराई, तिथून उमापूर. सुंदरराव ओट्यावरच बसले होते, सोबत गावातले बबनराव आणि आणखी दोघं.

"शरणार्थ," सिद्धेश्वर म्हणाला.

"या या, काकासाहेब! ईश्वरी, तुझा मुराळी आला गं!"

ईश्वरी आतून धावतच आली. नवी साडी, हातात भरलेली पिशवी. ती सकाळपासून तयार होती, हे पिशवीच्या बंदाच्या पुन्हापुन्हा आवळलेल्या गाठीवरून कळत होतं. ती वाळली होती. तिनं वाकून नमस्कार केला, आणि डोकं वर करायला थोडा उशीर केला.

सिद्धेश्वरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण नजर उघड्या दारातून आत गेली होती. समोरच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली, इंजिन होतं. धुराड्यात उदबत्ती खोचली होती. तिच्या धगीनं आणि देवापुढच्या दिव्याच्या तेलानं बॉयलरचा रंग फोड आल्यासारखा उठला होता. एका बाजूचा दांडा निखळून खाली लोंबत होता आणि वर डिंकाचा पांढरा लगदा थापला होता. एका वाघिणीत सुपारी, दुसरीत चुना, तिसरी रिकामीच.

"बघितलं का, आता धूरबी निघतो," सुंदरराव म्हणाले. ओट्यावरचे हसले.

"दांडा..." सिद्धेश्वर म्हणाला.

"हां, दांडा! तिथंच तर सारं उघडं पडलं. आमच्या लेकीच्या पोरानं दांडा काढला. मी म्हणलं, सूनबाई, तुमीच केलाय, तुमीच बसवा. गावातली चार माणसं बोलवलती बघाया. ही बसली घाम पुसत. शेवटी आणली चिकटपट्टी आन ते चिकटवायचं! मग बोलली, काकानं केलंय!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तवापासून हिचं नावच पडलं इंजिनवाली. काय गं इंजिनवाले, भाकर तरी तूच करतीस का तीबी काकाच धाडतो?"

ईश्वरी खाली बघत उभी होती. आतून सासूचा आवाज आला, "भाकर बघितली म्हंजी कळंल कुणी केली ते. चाकावानी कडक असती!" पुन्हा हशा झाला. मन्मथ दारात मोबाईल बघत उभा होता, तोही हसला.

"पोरसवदा हाय," सिद्धेश्वर कसाबसा म्हणाला. "पंचमीला नेतो. आन... इंजिनबी. नीट करून..."

"दोन्ही?" सुंदररावांनी बबनरावांकडं बघून डोळा मिचकावला. "बबनराव, बघा, फसवायचं तर फसवायचं, वरून पोरगीबी न्यायची आन रुखवतबी? न्हाई, काकासाहेब. इथं एकच मिळंल. पोरगी न्या, न्हाईतर इंजिन न्या. बोला."

ओट्यावरचे सरसावून बसले. ही थट्टा होती, हे सगळ्यांना कळत होतं. 'पोरगी' म्हणायचं, हसायचं, चहा प्यायचा आणि निघायचं, एवढं सोपं होतं. ईश्वरीनं तर पिशवी उचललीसुद्धा.

सिद्धेश्वर आत बघत होता. उदबत्ती जळत धुराड्याच्या कडेला आली होती. दिवाळीपर्यंत हे असंच चाललं, तर कथलाचे डाग वितळतील, धुराडं गळून पडेल, पोरं दुसरा दांडाही काढतील. पोरगी काय, दिवाळीला येईलच. माणूस येतं. हे सगळं त्याच्या मनात आलं आणि तेवढ्यात ओट्यावरचं हसणं थांबलं. ते थांबलेलं त्यालाही जाणवलं. आता बोलायलाच हवं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"आधी ती उदबत्ती काढा," तो म्हणाला.

बबनरावांनी चंचीत घातलेला हात तसाच ठेवला. सुंदररावांच्या तोंडावरची थट्टा क्षणभर पुसली गेली. मग ते हळू, जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "म्हंजी इंजिन."

"तसं न्हाई..." सिद्धेश्वर म्हणाला. पण पुढचा शब्द त्यानं काढला नाही.

"ऐकलंस का गं? तुझ्या काकानं निवडलं. मी न्हाई अडवलं तुला. आईला तसं सांग फोनवर."

ईश्वरी खाली बसली. तिनं ओट्यावरच पिशवीची गाठ सोडली. एकेक साडी काढली, घडी मोडू न देता मन्मथच्या हातात दिली. मग आत जाऊन उदबत्ती काढली, सुपारी ताटलीत ओतली, चुना बोटानं पुसला. लोंबणारा दांडा कागदात गुंडाळला. इंजिन आणि वाघिणी तिनं आपल्या पिशवीत ठेवल्या, मध्ये जुनी उशीची खोळ कोंबली, आणि पिशवी त्याच्यापुढं धरली.

"चहा घेऊन जावा, काका," ती म्हणाली.

त्यानं चहा घेतला. कपबशी खाली ठेवताना तो तिला म्हणाला, "दिवाळीला येतो मी." ती कप उचलून आत गेली होती.

एसटीत त्यानं पिशवी मांडीवर ठेवली. बीड येईपर्यंत त्याला पोरीचं तोंड दिसत राहिलं. बीड सोडल्यावर त्यानं पिशवीत हात घालून बॉयलर चाचपला. रंगाचे फोड वरवरचे होते. खरवडून काढता येण्यासारखे.

परळीत रिक्षा दारात थांबली तेव्हा गंगासागर भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभीच होती. लांबचा प्रवास करून आलेल्या लेकीवरून उतरून टाकायला. शेजारणी जमल्या होत्या. आधी तिला पिशवी दिसली, लेकीला स्वतः घेऊन दिलेली.

"आली गं माझी..." ती म्हणाली आणि रिक्षात वाकून बघितलं. मग त्याच्या मागं बघितलं. मग रस्त्याकडं.

"ईश्वरी कुठाय, भावजी?"

सिद्धेश्वर उतरला. पिशवीच्या तोंडातून धुराडं वर आलं होतं. गंगासागरनं ते पाहिलं. केदारनाथ मागून आला, त्यानंही पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भावावर विनोद सुचला नाही.

सिद्धेश्वर आत जायला निघाला.

"थांबा," गंगासागर म्हणाली. "असं कसं? लेक आलीया तुमची. पहिल्या पंचमीला. उतरून टाकल्याबिगर आत घेत्यात का?"

आणि तिनं सगळ्या गल्लीसमोर भाकरीचा तुकडा त्या पिशवीवरून उतरवला, एकदा, दोनदा, डोळ्यांतलं पाणी न पुसता. शेजारणी पदर तोंडावर धरून बघत होत्या. सिद्धेश्वर उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा राहिला. तिनं तांब्या उचलला, तेव्हा मात्र त्यानं पिशवी चटकन छातीशी ओढली आणि अंग वळवलं, पाणी उघड्या पितळेवर उडू नये म्हणून.