ओठांवरची साक्ष

यंत्रमागाच्या शेडमधल्या बायका तिला मौनीबाई म्हणायच्या. खरं तर तिथे कुणालाच कुणाचा आवाज ऐकू येत नसे. सगळे माग एकदम खडखडायचे आणि त्या गदारोळात बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या. घसा कशाला फोडायचा? समोरच्या ओळीतल्या बाईच्या ओठांवरून तिच्या सासूची गाऱ्हाणी कळायची, नवऱ्याच्या घोरण्याच्या नकला कळायच्या आणि अख्खी ओळ आवाज न करता हसायची. या बोलण्यात मौनीबाई कुणाला हार जायची नाही. तिचं मौन सुरू व्हायचं ते बाहेर, चारचौघांत. एकदा एका बाईच्या निरोप समारंभात तिला दोन शब्द बोलायला पुढे ढकललं, तर हातातला फुलांचा गुच्छ त्या बाईच्या अंगावर टाकून ती जी पळाली ती दुसऱ्या दिवशीच दिसली.

तिची धाकटी जाऊ समोरच्याच मागावर होती. एका सकाळी जावेच्या डोक्याचा रुमाल फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. माग बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं.

कारखान्याने सांगितलं, रुमाल सैल बांधला होता, बाईचाच निष्काळजीपणा. घरी सासूनेही मान डोलावली. "होतीच वेंधळी. एक काम धड करेल तर शपथ." दीर भिंतीकडे बघत बसला. जावेची छोटी मुलगी दाराआडून हे सगळं ऐकत होती. मौनीबाईने तिला पाहिलं. ही पोर आता आयुष्यभर हेच ऐकणार, की आई स्वतःच्या चुकीने गेली.

पण अपघाताच्या त्याच सकाळी जाऊ मागापलीकडून तिला म्हणाली होती, "ताई, पट्ट्यावरची जाळी आजही नाही. सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणतो, माल निघू दे, मग बसवू." म्हणाली होती, म्हणजे ओठांनी. तेव्हा तिच्याकडे तोंड होतं ते एकट्या मौनीबाईचं.

अपघाताची चौकशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होती आणि मौनीबाईने साक्षीला नाव दिलं होतं. आदल्या संध्याकाळी दीर म्हणाला, "वहिनी, जमत नसेल तर राहू द्या. तुमचीही नोकरी आहे."

"ती काय बोलणार?" आतून सासू म्हणाली. "पाहुण्यांना पाणी दिलं की आत पळते."

 भांडी घासताना मौनीबाई जावेची तीच वाक्यं पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली.

कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवली होती. समोर चौकशी अधिकारी, त्यांच्या बाजूला सुपरवायझर, पायावर पाय टाकून. त्यांच्या पाठीमागे रांगेत शेडमधल्या बायका. कडेच्या बाकावर सासू आणि दीर. तिचं नाव पुकारलं गेलं. तिने माइक धरला तो दातांवरच आपटला. समोरच्या चेहऱ्यांकडे बघवेना, म्हणून तिने मागच्या बायकांकडे पाहिलं आणि बोलायला लागली. जाळीचं बोलली, जावेने सांगितलेलं बोलली, सुपरवायझरचं उत्तर जसंच्या तसं बोलली. मागच्या रांगेत कुणीतरी डोळ्याला पदर लावला. सांगून झालं तेव्हा तिला वाटलं, सुटले.

"बाई," अधिकारी म्हणाले, "सुरुवात करताय ना?"

तिला कळेना. मागून, शेडमध्ये सूत जोडणारी जाडी बाई ओरडली, "अगं बये, आवाज! नुसते ओठ हलवतेयस!"

माइकमधून इतका वेळ फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

सुपरवायझर हसला. "साहेब, हे असंच आहे हिचं. बरं, त्या खडखडाटात हिला ऐकू तरी काय येणार?"

तिला धरणी दुभंगावी असं झालं. पण अधिकारी मागे वळले होते. "तुम्हाला काय कळलं हो, ती काय म्हणाली ते?"

जाड्या बाईने तिथेच उभं राहून सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"सगळ्या ठरवून आल्यात," सुपरवायझर म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"असेल," अधिकारी म्हणाले. मग मौनीबाईकडे पाहून, "पण मला कागदावर तुमचे शब्द लागतील. मोठ्याने."

एकदा सांगून झालेलं होतं, एवढाच काय तो आधार. तिने तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो चिरका, नको तेवढा मोठा, शेडमध्ये कान गेलेल्या माणसाचा. "जाळी नव्हती!" कॅन्टीन दणाणलं. सासू दचकली. मौनीबाईची भीती जागची हलली नव्हती. ती तशीच, भीतीसकट, शेवटच्या वाक्यापर्यंत गेली आणि खाली बसली.

अहवालातून निष्काळजीपणा गेला. सुपरवायझरला दुसऱ्या शेडमध्ये हलवलं. त्याच्या जागी त्याचाच मेहुणा आला. पट्ट्यांवर जाळ्या बसल्या. थोड्याच दिवसांत मौनीबाईला सांगण्यात आलं की सध्या काम कमी आहे, उद्यापासून येऊ नका. ती डबा उचलून निघाली तेव्हा ओळीतल्या एकीचेही ओठ हलले नाहीत. जाडी बाईसुद्धा तुटलेलं सूत शोधत वाकून राहिली. मौनीबाईला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं.

दुसऱ्या कारखान्यात विचारायला जायचं म्हणून ती सकाळी चपला घालत होती. सासू पायरीवर बसून नातीची वेणी घालत होती.

"आजी, आईने रुमाल नीट बांधला नव्हता ना? शेजारची मुलं म्हणतात."

सासूचे हात थांबले. मोठ्या सुनेकडे तिने पाहिलं नाही.

"त्यांना काय माहीत? जाळी नव्हती तिथे. तुझ्या आईने मागितली होती, त्यांनी दिली नाही." तिने केसांची बट पुन्हा हातात घेतली. "सरळ बस. वेणी वाकडी होतेय."